पिवळ्या तोंडाचा पांढरा पक्षी: घार की गिधाड?

चोपडेकर: राम राम मंडळी. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात तिथे घारीएवढा पांढरा पक्षी येतो, तोंड पिवळं. कुणी घार म्हणतं, कुणी गिधाड. सोबत तपकिरी पण असतात, ती दुसरी जात का? आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं ढोर मेलं तर उघड्यावर टाकावं का?

सातपुडा निरीक्षक: गिधाडच, दादा. याला पांढरं गिधाड किंवा इजिप्शियन गिधाड म्हणतात. उडताना शेपूट बघा: याचं पाचरीसारखं निमुळतं, घारीचं मधे खाच असलेलं. तपकिरींचंही शेपूटच तपासा. पाचरीसारखं असेल तर ती याचीच पिल्लं. पूर्ण पांढरं व्हायला साधारण ५ वर्षं लागतात.

पाखरवेडी: नोंद करताना नाव पूर्ण लिहा. ‘पांढरं गिधाड’ आणि ‘पांढऱ्या पाठीचं गिधाड’ या दोन जाती आहेत आणि याद्यांमध्ये हाच घोळ सर्रास होतो. दुसरं काळपट, पंख पसरले की २ मीटर किंवा जास्तच, घरटं उंच झाडावर. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं. लाल डोक्याचं ते राजगिधाड. पांढऱ्या पाठीची १९९२ ते २००७ या काळात देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. मादी वर्षाला एकच अंडं घालते, मग भरून निघणार कसं?

ढोरांचा डॉक्टर: इंजेक्शनचं नीट ऐका भाऊ. डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध दिलेलं ढोर दोन-चार दिवसांत मेलं तर औषध मांसात उरतं. ते खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते, युरिक आम्ल आतल्या अवयवांवर पांढरं साचतं आणि पक्षी मरतो. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही तशीच दुखण्याची औषधं २०२३ पासून. अ‍ॅसिक्लोफिनॅकचं ढोराच्या अंगात डायक्लोफिनॅकच होतं. माणसांच्या डायक्लोफिनॅकची बाटली २०१५ पासून ३ मिलीचीच ठेवली, तरी काही जण चार-पाच फोडून ढोराला टोचतात. हे थांबलंच पाहिजे.

दुखण्यावर त्याऐवजी मेलोक्सिकॅम मागा, गिधाडांना ते चालतं. ५ मिग्रॅ प्रति मिली असेल तर ०.५ मिग्रॅ प्रति किलोच्या हिशोबाने ४०० किलोच्या म्हशीला ४० मिली होतं; डोस मात्र डॉक्टरनेच ठरवायचा. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक असतो तो वाचा. काय टोचलं ते कळत नसेल तर ढोर खोल पुरा.

चोपडेकर: बाटली जपून ठेवली आहे. घटक डायक्लोफिनॅक सोडियम.

ढोरांचा डॉक्टर: मग पुराच. सहा फूट खड्डा, विहीर-नाल्यापासून लांब, वर काटे टाका म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.