तीन लॅबची ग्रिड चाचणी (नाशिक): पुढच्या दोन महिन्यांची कामं कोणत्या क्रमाने घ्यावीत?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. गंगापूर रोड, सातपूर आणि आडगाव इथल्या कॉलेज लॅबची मिळून 60 मशीन एचटीकॉन्डॉरच्या (रिकाम्या मशीनवर कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर) एकाच पूलमध्ये, म्हणजे सामाईक गटात, आणायची आहेत. आज फक्त गंगापूर रोडची 24 जोडलेली आहेत, व्हर्जन 9.0, मशीननी एकमेकांना ओळख पटवायला जुनी जीएसआय पद्धतीची प्रमाणपत्रं. पुढची कामं: व्हर्जन वाढवणं, बाकी 36 मशीन जोडणं, रात्रीचं वेळापत्रक, मोठ्या फायलींची चाचणी. प्रत्येक ठिकाणी 100 एमबीपीएसची लाइन, सातपूर-आडगाव नॅटमागे (तिथल्या मशीनना बाहेरून थेट गाठता येत नाही). आधी काय घ्यावं?

सातपूरकर:
व्हर्जनला शेवटी हात लावा, आधी ओळखपद्धत बदला. 10.0 मध्ये जीएसआय राहिलेलं नाही. थेट अपग्रेड केलंत तर डीमन (मागे चालणारे एचटीकॉन्डॉरचे प्रोग्रॅम) सुरू होतील, पण एकमेकांना दाद देणार नाहीत आणि पूल रिकामा दिसेल. 9.0 मध्ये आयडीटोकन्स (टोकन फायलीवरून ओळख पटवणारी नवी पद्धत) आणि जीएसआय दोन्ही चालतात, याचा फायदा घ्या. ओळखपद्धतींच्या यादीत टोकन पहिलं, जीएसआय दुसरं. टोकनची फाइल रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिन खातं) मालकीची, परवानगी 600, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल. आठवडाभर लॉगमध्ये कुठलंही मशीन जीएसआयवर येत नाही ना ते बघा, मग जीएसआय यादीतून काढा, त्यानंतरच अपग्रेड. आणि एका शनिवार-रविवारी एकच बदल. दोन केलेत तर बिघाड कशामुळे झाला ते शोधण्यातच सोमवार जातो.

गोदाकाठ:
धन्यवाद सर. टोकनवर लक्ष ठेवण्याच्या त्या आठवड्यात नॅटचं काम उरकून घेऊ का?

सातपूरकर:
फायरवॉलचा अर्ज द्या, मशीन जोडू नका. मंजुरीला वेळ लागतोच.

आडगाव_नोड:
नॅटसाठी सीसीबी वापरा, म्हणजे एचटीकॉन्डॉरमधली कनेक्शन जुळवून देणारी मध्यस्थ सोय. लॅबमधलं मशीन स्वतःहून बाहेर कनेक्शन उघडून ठेवतं, त्यामुळे सेंट्रल मॅनेजरवर (पूल सांभाळणारं मुख्य मशीन) 9618 हा एकच पोर्ट उघडा असला तरी भागतं. मात्र जॉब (चालवायचं काम) सबमिट करायचं मशीन बाहेरून थेट गाठता आलं पाहिजे. तेही नॅटमागे गेलं तर दोन्ही बाजू बंद, आणि सीसीबीचा उपयोग शून्य. म्हणून ते गंगापूर रोडलाच, पब्लिक आयपीवर ठेवा.

फायलींचा हिशेब आधी कागदावर करा. 36 मशीनना प्रत्येकी 2 जीबी म्हणजे 72 जीबी. 100 एमबीपीएसवर, लाइन पूर्ण रिकामी असली तरी, 96 मिनिटं. एकाच वेळी किती फायली पाठवायच्या याची मूळ मर्यादा 100 आहे, म्हणजे सगळी मशीन एकदम ओढायला लागतील आणि कुणाचंच लवकर पूर्ण होणार नाही. ती 10 वर आणा. त्याहून बरं म्हणजे सगळ्या जॉबना लागणारी सामाईक फाइल प्रत्येक लॅबमधल्या एका मशीनवर एकदाच उतरवा (2 जीबीला जेमतेम पावणेतीन मिनिटं) आणि तिथून एचटीटीपीने वाटा.

गोदाकाठ:
हे पटलं. रात्रीच्या वेळापत्रकात काय सांभाळायचं?

सातपूरकर:
स्टार्ट ही मशीनवर जॉब कधी घ्यायचा ते ठरवणारी सेटिंग. तिची अट खोटी झाली की नवे जॉब थांबतात, चालू असलेले नाहीत. इथेच बहुतेक जण फसतात: सकाळी 8 ला प्रॅक्टिकल सुरू होतं आणि मशीन अजून रात्रीच्याच जॉबमध्ये अडकलेलं. जॉब जास्तीत जास्त 3 तासांचा असेल तर नवे जॉब पहाटे 5 ला बंद करा, म्हणजे स्टार्टच्या अटीत क्लॉकमिन (मध्यरात्रीपासूनची मिनिटं) 300 च्या खाली किंवा 1140 (संध्याकाळी 7) आणि पुढे.

आडगाव_नोड:
त्यात चेकपॉइंट घालाच, म्हणजे जॉबची अर्धवट स्थिती जपून ठेवणं. पावसाळ्यात लाइट गेली की यूपीएस काही मिनिटंच तग धरतो. प्रोग्रॅमने ठरावीक अंतराने स्थिती फायलीत लिहून 85 या कोडने बाहेर पडावं, सबमिट फायलीत (जॉबच्या सूचनांची फाइल) तोच कोड चेकपॉइंटचा म्हणून द्यावा. चेकपॉइंटच्या फायलींची नावंही तिथेच लिहा, म्हणजे मशीन बंद पडलं तरी त्या सबमिटच्या मशीनवर शाबूत राहतात आणि जॉब पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही. चाचणी घेताना चालू मशीनची वायर काढून बघा. कमांड देऊन जॉब थांबवला तर खरा प्रकार कळत नाही.