सरासरीत हरवलेलं कोकण

कोकण विभागात दर चौरस किलोमीटरला ९३० माणसं, म्हणजे सगळं कोकण गच्च भरलंय, असं एकाने लिहिलंय. भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष नाही. २०११ च्या जनगणनेत विभागाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ८६ लाख होती. त्यातले २ कोटी ३५ लाख मुंबईचे दोन जिल्हे आणि ठाण्यात. (पालघर तेव्हा ठाण्यातच होता, वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.) उरलेल्या लांबलचक पट्टीत, रायगड ते सिंधुदुर्ग, जेमतेम ५१ लाख! सिंधुदुर्गाची घनता १६३ च्या आसपास.

शिवाय २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या चक्क घटली. रत्नागिरीत १६.९७ लाखांवरून १६.१५ लाख. तिथे हजार पुरुषांमागे ११२० हून जास्त बायका दिसतात, ते काही समतेचं लक्षण नव्हे. बाप्ये मुंबईला गेलेत. घराला कुलूप, गणपतीला आणि शिमग्याला उघडणार.

घटीच्या यादीत मुंबई शहर जिल्हाही आहे, पण तिथलं कारण निराळं. गिरण्या गेल्या, जागा महागल्या, माणूस उपनगरात आणि ठाण्याकडे सरकला.

भूगोलही तसाच फसवा. पाऊस तीन हजार मिलिमीटर, पण खाली जांभा दगड आणि उतार तीव्र. पाणी मुरतं, झिरपतं, आखूड नद्यांवाटे समुद्रात जातं. मे महिन्यात वाडीवर टँकर. विभागीय आयुक्त बसतात नवी मुंबईत, बेलापूरला; सावंतवाडीहून तिथे कागद घेऊन जायचं म्हणजे दिवस गेलाच.