अनुभव धागा: मुलांनी स्वतः चालवलेली मेस, स्वतः सांभाळलेलं घर

माझी मुलगी बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात शिकते. आता मैत्रिणींबरोबर फतेगंजला घर घेऊन जेवणाचंही स्वतःच बघायचं म्हणते आहे. ठेकेदाराच्या मेसबद्दल नको, मुलांनी मिळून चालवलेल्या व्यवस्थेबद्दल लिहा. पैसे, बाजार, भांडणं, सगळं सविस्तर येऊ द्या.

जुना हॉस्टेलवासी
आमच्याकडे दर महिन्याला नवा मेस सेक्रेटरी. महिनाअखेरीस एकूण खर्चाला एकूण ताटांनी भागायचं, ज्याची जितकी ताटं तितकं त्याचं बिल. गावाला जायचं तर आदल्या संध्याकाळी वहीत 'कट' (म्हणजे माझं ताट नको) लिहायचा, कारण महाराज, म्हणजे आमचे आचारी, रात्रीच डाळ-तांदळाचा अंदाज घेत. सकाळी खंडेराव मार्केटला दोघांनी जायचं आणि आल्यावर भाव फळ्यावर लिहायचा. एका सेक्रेटरीने फळा लिहिणं सोडलं. बिल वाढलं आणि पोरं त्याला सरळ चोर म्हणू लागली. तो चोर नव्हता. ऐनवेळचे पाहुणे, जास्तीचा गॅस, सुटी खरेदी, यातलं काहीच टिपलेलं नव्हतं. त्याला झालेला मनस्ताप मी जवळून पाहिलाय, म्हणून सांगतो: हिशेब रोज आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवा.

मांजलपूरकर
आम्हा मुलींचं स्वयंपाकावरून कधी वाजलं नाही. गुजराती डाळ आणि आमटी आलटून पालटून व्हायची. वाजलं ते भांड्यांवरून. जेवण बनवणारीने भांडी घासायची नाहीत हा नियम केला, तेव्हा घर शांत झालं.

दांडिया बाजार ते बर्कली
अमेरिकेत बर्कलीला मी विद्यार्थ्यांच्या सहकारी घरात राहिले. अशी घरं चालवणारी तिथली संस्था १९३३ साली, मंदीच्या काळात, १४ विद्यार्थ्यांनी सुरू केली. तिथे प्रत्येकाने आठवड्याला साधारण पाच तास घरकाम करायचं: स्वयंपाक, भांडी, संडास-बाथरूमची सफाई. पाळ्या लावणारा आपल्यातूनच निवडून दिलेला असतो आणि पाळी चुकवली तर दंड बसतो. मला ते फार न्याय्य वाटलं. 'वेळ मिळेल तसं करू' म्हटलं की सगळं काम एकदोघींच्याच गळ्यात पडतं.

फतेगंजची जुनी भाडेकरू
ताई, लेकीला एवढं सांगाच: डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, मधेच घर सोडणारीला ते कधी परत मिळणार आणि नवी मुलगी येईपर्यंत तिच्या वाट्याचं भाडं कोण भरणार, हे आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्यातली एक परीक्षेच्या तोंडावर निघून गेली आणि ते भाडं आम्ही उरलेल्यांनी वाटून भरलं.