शब्दचर्चा : ‘व्हॅस्क्युलर प्रोजेनिटर सेल’ आणि ‘इम्युनिटी’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

रक्तवाहिन्यांच्या ‘प्रोजेनिटर’ पेशी, इम्युनिटी आणि मधुमेह यांच्या परस्परसंबंधावरील संशोधनाचा सारांश मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वाचक वैद्यकातले नाहीत, परंतु लक्षपूर्वक वाचणारे आहेत. ‘प्रोजेनिटर सेल’साठी पूर्वज पेशी, जनक पेशी, पूर्वगामी पेशी आणि कुठे कुठे सरसकट मूलपेशी असे चार शब्द वापरलेले मला आढळले, ‘इम्युनिटी’साठी रोगप्रतिकारशक्ती आणि प्रतिरक्षा असे दोन. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, की त्यांत निवड करणे आवश्यक आहे?

उत्तर

निवड करणे आवश्यक आहे, आणि सर्वांत आधी ‘मूलपेशी’ वगळावा. मूलपेशी दोन गुणांवरून ओळखली जाते : ती विभागून स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करत राहते आणि तिच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात. प्रोजेनिटर पेशी याच वाटेवर काही टप्पे पुढे आलेली असते. तिचे विभाजन मर्यादित असते आणि तिच्यापासून एका किंवा मोजक्याच प्रकारच्या पेशी होतात. दोघींना एकच नाव दिले तर ‘मूलपेशी उपचार’ या शब्दाभोवती आधीच जमलेल्या अवाजवी अपेक्षा या संशोधनालाही चिकटतील.

‘पूर्वज’ मला पटत नाही, कारण मराठीत पूर्वज म्हणजे होऊन गेलेला, ज्याचे स्मरण करायचे असा कोणी. ही पेशी तर आज, या घटकेला, रक्तात फिरत असते आणि नमुना काढून तिची मोजणी करता येते. ‘जनक पेशी’ हा शब्द चांगला आहे, पण तो जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी आधीच अडवून ठेवलेला आहे. तिथे विभागणारी कोणतीही पेशी जनक आणि तिच्यापासून झालेल्या दोन कन्यापेशी, मग ती पेशी यकृतातली असो वा त्वचेतली. ‘पूर्वगामी’ हा शब्द रेणूंसाठी राखून ठेवणे सोयीचे पडते. प्रोइन्सुलिन हा इन्सुलिनचा पूर्वगामी रेणू आहे, आणि मधुमेहाविषयीच्या लेखनात हे वाक्य केव्हा ना केव्हा लिहावे लागतेच.

माझी पसंती ‘पूर्वपेशी’ला आहे. पूर्वरूप, पूर्वपीठिका, पूर्वतयारी यांतला ‘पूर्व’ पुढे काहीतरी यायचे आहे असे सुचवतो, आणि इथे नेमका तोच अर्थ हवा आहे. त्यानुसार ‘रक्तवाहिनी-पूर्वपेशी’ असा समास करावा. अडचण एवढीच की ‘मधुमेहपूर्व अवस्था’ हा शब्दही याच मजकुरात येणार. ‘मधुमेहपूर्व अवस्थेतील पूर्वपेशी’ असे लिहिण्याची वेळ आली तर त्या वाक्याची दोन वाक्ये करावीत.

भिन्न मत

वरील उत्तरातील तर्क मान्य असूनही नवीन शब्दाची गरज मला दिसत नाही. ‘प्रोजेनिटर पेशी’ असे देवनागरीत लिहिले तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि अर्थ जाणून घ्यायचा असेल त्याला शोध घेणेही सोपे जाते. शिवाय मूळ संशोधनात ‘व्हॅस्क्युलर’पेक्षा ‘एन्डोथेलियल प्रोजेनिटर’ हेच नाव अधिक आढळते. मग रक्तवाहिनी म्हणायचे की तिचा केवळ आतला अस्तर-थर, म्हणजे अंतःस्तर?

उत्तर

दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी या नावाचा इतिहास पाहावा लागेल. १९९७ पर्यंतची समजूत अशी होती की, मूळ पेशींपासून अगदी नव्याने रक्तवाहिनी घडणे ही गोष्ट फक्त गर्भावस्थेत होते; जन्मानंतर जी काही नवी वाहिनी येते ती असलेल्या वाहिनीला शाखा येऊनच येते. त्या वर्षी ताकायुकी असाहारा, जेफ्री आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले की, प्रौढ माणसाच्या रक्तातून सीडी-३४ ही खूण (पेशीच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन) असलेल्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या तर त्यांत अंतःस्तराचे गुण दिसू लागतात, आणि रक्तपुरवठा तोडलेल्या प्राण्यांच्या अवयवात त्या नव्या वाहिन्यांमध्ये सामावल्या जातात. ‘एन्डोथेलियल प्रोजेनिटर सेल’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले आणि पुढची दहा वर्षे या पेशी मोजण्याची एकच घाई उडाली.

आता प्रयोगशाळेत नेमके काय होत असे ते पाहू. रक्तातून एककेंद्रकी पेशी वेगळ्या करून त्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा लेप दिलेल्या बशीत ठेवल्या की, साधारण चार ते सात दिवसांत चातीसारख्या निमुळत्या पेशी बशीला चिकटलेल्या दिसतात. त्या ठरावीक रंगद्रव्य जोडलेला लिपोप्रोटीन आत घेतात आणि अंतःस्तराची म्हणून मानलेली प्रथिनेही त्यांच्यावर आढळतात. याच त्या पेशी, असे पुष्कळांनी मानले. परंतु त्याच बशीची निगा दोन-तीन आठवडे राखली तर क्वचित वेगळ्याच वसाहती उगवतात : एकमेकींना घट्ट भिडलेल्या, फरसबंदीसारख्या दिसणाऱ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या. सखोल तपासणीत असे ठरले की खऱ्या अर्थाने वाहिनीची नळी घडवू शकतात त्या या उशिरा येणाऱ्या पेशी. लवकर येणाऱ्या पेशी रक्तपेशींच्याच कुळातल्या, मुख्यतः मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या वर्गातल्या आहेत. त्यांच्यावर आढळलेली काही ‘अंतःस्तरीय’ प्रथिने तर नमुन्यात राहून गेलेल्या बिंबाणूंकडून (प्लेटलेट्सकडून) उसनी आलेली होती.

२०१७ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांच्या एका गटाने सहमतीचे निवेदन प्रसिद्ध करून जुने नाव सोडून द्यावे असे सुचवले, आणि लवकर येणाऱ्या व उशिरा येणाऱ्या पेशींना दोन स्वतंत्र नावे दिली. मराठीत उशिरा येणाऱ्यांना ‘अंतःस्तर-वसाहतकारी पेशी’ आणि लवकर येणाऱ्यांना ‘मायलॉइड वाहिनीवर्धक पेशी’ म्हणता येईल; मायलॉइड म्हणजे मोनोसाइट ज्यात मोडतात ते रक्तपेशींचे कूळ. दुसऱ्या प्रकारच्या पेशी स्वतः वाहिनीचा भाग होत नाहीत. वाढीला चालना देणारी द्रव्ये स्रवून त्या शेजारच्या पेशींकडून काम करून घेतात.

म्हणूनच ‘प्रोजेनिटर पेशी’ असे जसेच्या तसे लिहिण्यास माझा विरोध आहे. या शब्दात संशोधकांचे वीस वर्षांचे मतभेद दडलेले आहेत आणि देवनागरी लिपी त्यांतले काहीच उलगडत नाही. ज्या लेखाचा सारांश करायचा आहे त्यात पेशी कोणत्या पद्धतीने ओळखल्या हे आधी पाहावे. रक्तातल्या पेशी केवळ पृष्ठभागावरच्या खुणांवरून मोजल्या असतील तर ‘सीडी-३४ खूण असलेल्या पेशी’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. वसाहती वाढवून दाखवल्या असतील तरच ‘अंतःस्तर-पूर्वपेशी’ म्हणावे. ‘रक्तवाहिनी-पूर्वपेशी’ हे व्यापक नाव शीर्षकासाठी आणि प्रास्ताविकासाठी ठेवावे, कारण वाहिनीच्या भिंतीत अंतःस्तराखेरीज स्नायुपेशी आणि केशवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइट पेशीही असतात.

आणखी एक सूचना. वाहिनीला शाखा येण्यासाठी ‘फुटणे’ हे क्रियापद सहज सुचते, पण ते टाळावे. फांदी फुटते, पालवी फुटते, हे खरे. परंतु रक्तवाहिनी फुटली म्हणजे रक्तस्राव झाला. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर तर दोन्ही गोष्टी घडतात : प्राणवायू कमी पडलेल्या भागात नाजूक नव्या वाहिन्या येतात आणि मग त्याच फुटून रक्त सांडते. ‘पडद्यावर नवीन वाहिन्या फुटतात’ हे वाक्य वाचून यांतले काय झाले ते कोणालाही सांगता येणार नाही. तिथे ‘उगवतात’ असे लिहावे.

प्रश्नकर्त्याची पृच्छा

आपल्या विवेचनाबद्दल आभारी आहे. लवकर येणाऱ्या पेशी मोनोसाइट वर्गातल्या असतील, तर रक्तवाहिनीच्या म्हणून मोजल्या गेलेल्या पेशी प्रत्यक्षात इम्युनिटीच्या यंत्रणेतल्याच होत्या असे म्हणावे लागेल. मग त्या शब्दाचे काय करावे?

उत्तर

आपण म्हणता तसेच आहे, आणि रक्तवाहिन्या, इम्युनिटी व मधुमेह हे तीन विषय एकत्र येण्याचे एक मोठे कारणही तेच आहे.

‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द घराघरांत पोहोचलेला आहे, म्हणून तो टाळता येणार नाही. पण त्यातल्या ‘शक्ती’वर लक्ष ठेवावे. शक्ती म्हटली की ती वाढवावी, कमी पडू देऊ नये, हे ओघाने आलेच. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र प्रतिकार करणाऱ्या टी पेशीच स्वादुपिंडातील लँगरहॅन्सच्या द्वीपकांवर चालून जातात आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करतात. तिथे हवी असते ती आवर घालणारी उपाययोजना. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता दिलेले टेप्लिझुमॅब हे औषध टी पेशींवरील सीडी-३ या रेणूला जखडून त्यांचा हल्ला सौम्य करते आणि ज्यांच्यात आजाराची पूर्वचिन्हे दिसली आहेत अशांमध्ये त्याचे प्रकट होणे लांबवते. हे औषध ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असे कोणी लिहिले तर अर्थ नेमका उलटा होईल. यासाठी ‘प्रतिकारयंत्रणा’ हा शब्द मला सर्वांत निर्धोक वाटतो. यंत्रणा चांगली चालते, बिघडते, चुकते. ती नुसती कमी-जास्त होत नाही.

‘ऑटोइम्यून’साठी काही जण ‘स्वप्रतिरक्षा’ लिहितात. घडण नियमाला धरून आहे, पण सामान्य वाचक त्याचा अर्थ स्वतःचे रक्षण असाच करणार, आणि प्रत्यक्षात चालू असते ते स्वतःवरचेच आक्रमण. ‘स्वविरोधी प्रतिकार’ म्हणावे. थोडे लांबते, पण दिशाभूल करत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात गोष्ट निराळी आहे. तिथे चरबीच्या ऊतीत भक्षकपेशी जमतात, त्यांच्या स्रावांमुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो आणि दीर्घकाळ एक सौम्य ‘इन्फ्लमेशन’ चालू राहते. याला ‘दाह’ म्हणण्याची पद्धत आहे, परंतु दाह म्हटला की आग होणे आले, आणि या अवस्थेत रुग्णाला काहीच जाणवत नाही. पहिल्या उल्लेखाला ‘न जाणवणारा सौम्य दाह’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘दाह’ वापरावे.

पुरवणी

वरील चर्चेत संख्येविषयीच्या वाक्यांची भर घालतो, कारण या विषयावरच्या मराठी मजकुरात सर्वाधिक गफलत तिथे होते. ‘मधुमेहात पूर्वपेशी कमी होतात’ असे सर्रास लिहिले जाते. अभ्यासांनी दाखवले आहे ते एवढेच की, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, विशेषतः पायांच्या रक्तवाहिन्यांना विकार झालेल्यांमध्ये, या पेशी रक्तात कमी आढळतात. त्या मुळात कमी तयार होतात, लवकर मरतात की अस्थिमज्जेतून बाहेर पडत नाहीत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि तिसऱ्याच्या बाजूने पुरावा बराच आहे : मज्जेतून पेशी रक्तात उतरवणारे जी-सीएसएफ हे औषध मधुमेही व्यक्तींना दिले तरी त्यांच्यात सीडी-३४ पेशी अपेक्षेइतक्या वाढत नाहीत. म्हणून ‘रक्तात कमी आढळतात’ असेच लिहावे. ‘मोबिलायझेशन’साठी ‘मज्जेतून रक्तात उतरणे’ हा शब्दप्रयोग पुरेसा आहे; ‘संघटन’ किंवा ‘जमवाजमव’ हे शब्द चळवळींसाठी राहू द्यावेत.

क्रियापदांबाबतही हेच. या पेशींना इजा झालेल्या जागी खेचणारा एसडीएफ-१ नावाचा रेणू असतो आणि डीपीपी-४ हे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करते. ग्लिप्टिन गटातली मधुमेहाची औषधे हे विकर रोखतात, आणि सिटाग्लिप्टिन चार आठवडे घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात या पेशींची संख्या वाढलेली दिसली. इथवर ‘वाढली’ हे क्रियापद बरोबर आहे. ‘त्यामुळे रक्तवाहिन्यांचे रक्षण झाले’ असे मात्र लिहू नये, कारण या गटातल्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत, २०१३ मध्ये सॅक्साग्लिप्टिनच्या आणि २०१५ मध्ये सिटाग्लिप्टिनच्या, हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झालेले आढळले नाहीत.