घरच्या वर्कशॉपमधील यंत्रांची वीज पूर्णपणे कशी तोडावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
घरामागच्या शेडमध्ये छोटा लेथ आणि बेंच ग्राइंडर आहे. दोन्ही सिंगल फेज, २३० व्होल्टचे. पट्टा किंवा चाक बदलताना यंत्रावरचे बटण बंद करणे पुरेसे आहे का? घरात लहान मुले असल्याने धास्ती वाटते.

उत्तर (उद्यमनगर):
अजिबात नाही. साधा स्विच एकच तार तोडतो आणि वायरिंग उलटे झाले असेल, तर न्यूट्रल तुटून फेज यंत्रात तसाच राहतो. ग्राइंडरचा प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवावा. लेथ कायम जोडलेला असेल, तर परवानाधारक वायरमनकडून कुलूप लावता येणारा डबल पोल आयसोलेटर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच) बसवून घ्यावा आणि काम संपेपर्यंत किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवावी.

उत्तर (कसबा बावडा):
कुलूप लावल्यावर यंत्राचे बटण एकदा दाबून पाहावे. जोडणीपेटी उघडायची असल्यास आधी चालू सॉकेटवर मल्टिमीटर तपासून घ्यावा, मग फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजावे. केवळ टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नये. मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, हेही ध्यानात असू द्या.

उत्तर (शाहूपुरी):
नो-व्होल्ट कॉइल (वीज जाताच यंत्र बंद स्थितीत आणणारी कॉइल) असलेला स्टार्टरही जरूर बसवा. पावसाळ्यात वीज जाऊन परत आली, तरी लेथ आपोआप सुरू होणार नाही. मात्र तो आयसोलेटरला पर्याय नव्हे.