मदत हवी आहे: नेटवर्क स्विचवर फोनच्या आवाजाला प्राधान्य कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी. म्हापशात आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. 24 पोर्टच्या एकाच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर कॅमेरे, आयपी फोन, पाहुण्यांचं वायफाय. रात्री कॅमेऱ्यांचा बॅकअप सुरू झाला की रिसेप्शनच्या फोनवर आवाज तुटतो. काल एका आजोबांना डॉक्टर हवा होता, खोली नंबर तीनदा विचारावा लागला. जीव कासावीस झाला.

फोन डीएससीपी 46 (हे आवाजाचं पॅकेट आहे, आधी पाठवा असं सांगणारी खूण) लावूनच पॅकेट पाठवतात, पण स्विचवर ट्रस्ट (ही खूण मानायची सेटिंग) बंद दिसतंय. ते चालू करून आवाजाला स्ट्रिक्ट प्रायॉरिटी (नेहमी सगळ्यांच्या आधी वाट) द्यावी, की बॅकअपच्या पोर्टवर रेट लिमिट (वेगाची मर्यादा) लावावं? फ्लो कंट्रोल (गर्दी झाली की समोरच्याला थांबवायची सोय) बंदच ठेवलंय, कारण त्यातली पॉज फ्रेम, म्हणजे ‘थोडं थांब’ असा संदेश, आली की त्या पोर्टवर आवाजसुद्धा थांबतो. आणि ब्रॉडकास्टसाठी (सगळ्या उपकरणांना एकदम जाणाऱ्या पॅकेटसाठी) स्टॉर्म कंट्रोलची, म्हणजे अशा पॅकेटचा पूर रोखणाऱ्या सेटिंगची, मर्यादा तुम्ही किती ठेवता?