विषय: आई-बाबा मे महिन्यात येतायत, दिवसभर घरी दोघंच असतील

नमस्कार मंडळी,

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला फायहिंगेनमध्ये राहतो, या मेलिंग लिस्टवर दीड वर्ष आहे पण लिहितेय पहिल्यांदाच. माझे आई-बाबा साताऱ्याहून येतायत, 1 मेला उतरतील, 31 जुलैचं परतीचं तिकीट. दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर पडतायत. बाबा 71, त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. आम्हा दोघांना ऑफिस, होम ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस, म्हणजे उरलेले तीन दिवस सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा ते दोघं आणि चार भिंती. सगळे म्हणतात आराम करू दे की त्यांना, पण बाबा घरी पहाटे पाचला फिरायला जाणारे, आई दिवसभर चार बायकांत असणारी, मला आत्तापासूनच पोटात गोळा येतोय. तुम्ही लोकांनी काय केलंत?

---

नमस्कार,

आधी ते तिकीट बदला, प्लीज. व्हिसा तीन महिन्यांचा नसतो, 90 दिवसांचा असतो, आणि उतरल्याचा दिवस नि निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात धरतात. 1 मेला आले तर नव्वदावा दिवस 29 जुलै. 31 ला निघाले तर दोन दिवस जास्त होतील आणि पुढच्या व्हिसाला त्रास होईल.

दुसरं, इन्शुरन्स. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं कव्हर लागतं म्हणून लोक सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेऊन टाकतात, पण आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या, बीपी-शुगरवाल्यांना तीच ओळ महत्त्वाची. गोळ्या तीन महिन्यांच्या आणायला सांगा, हँडबॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि आईंना सांगा साजूक तूप, पेढे काही आणू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. माझ्या आईचं दोन किलो तूप कस्टम्सने तिच्यासमोर काढून घेतलं, ती आठवडाभर हळहळत होती.

– एसलिंगेनहून

---

अगं बाळा,

कागदपत्रांचं वर आलंच आहे, मी घरातलं सांगते. माझे सासू-सासरे 2014 ला आले होते. पहिल्याच आठवड्यात नाना कचरा टाकायला खाली गेले, स्लीपरवर, आई अंघोळीला गेलेल्या, आणि दार मागे ओढलं गेलं. इथल्या दाराला बाहेरून कडी नाही, नुसती गोल मूठ, किल्ली नसेल तर घर आपलं असून परकं. आईंना बेल ऐकू आली नाही. खाली कोणाला हाक मारावी तर भाषा येत नाही, मग हा माणूस जिन्यात पायरीवर बसून राहिला, चाळीस मिनिटं. मला संध्याकाळी त्यांनी सांगितलंसुद्धा नाही, आईंनी रात्री हळूच सांगितलं. मनमाडला रेल्वेत अख्खी नोकरी केलेला माणूस, आपल्या घरात येऊन असा पायरीवर बसला, हे मला आजही आठवलं की कसंतरी होतं. दुसऱ्या दिवशी दोघांना वेगवेगळी किल्ली करून दिली. तू पहिल्याच दिवशी दे, एकच जोडी दोघांत नको. फोनजवळ कागदावर घराचा पत्ता, 112, आणि साध्या दुखण्याला डॉक्टरांसाठी 116117 मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

मग मी एका शनिवारी नानांना त्साकेत बसवलं, मारिएनप्लात्झवरून वर डेगरलोखला जाते ती पिवळी गाडी. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते. नाना वाकून वाकून बघत होते, म्हणाले उटीच्या गाडीला असते तशीच आहे की. 1884 पासून चालू आहे म्हटल्यावर तर विचारूच नकोस. नंतर आठवड्यातून तीनदा एकटे जायचे, डबा घेऊन, वर बाकावर बसून खाऊन परत. आता तर डॉइचलँडटिकीट आहे, देशभरच्या लोकल गाड्या-बसना चालणारा पास, महिन्याला 63 युरो, पाहुण्यांनाही काढता येतं, फक्त बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवायचं. बाबांना एकच रस्ता दाखव, पण तो त्यांचा स्वतःचा होऊ दे. दर वीकेंडला पॅरिस-स्वित्झर्लंड करून दमवू नकोस.

आणि आईंचं म्हणशील तर केहरवोखे. आमच्या दारावर पाटी आली की जिना झाडायची पाळी आमची. मी ऑफिसातून येऊन झाडताना आईंनी बघितलं आणि झाडू हातातून घेतला. मला फार लाज वाटली, सासूला इथे आणून जिना झाडायला लावला असं लोक म्हणतील म्हणून, त्या म्हणाल्या अगं हाताला काम नसलं की मला दिवस खायला उठतो. त्या झाडण्यातून वरच्या मजल्यावरच्या आजींशी ओळख झाली. एकीला मराठी, एकीला इथली बोली श्वेबिश, पण अर्धा अर्धा तास जिन्यात उभ्या. आईंनी शंकरपाळे दिले, आजींनी रुबार्बचा मुरंबा. निघताना टॅक्सीपर्यंत आल्या होत्या.

काही लागलं तर बोएब्लिंगेनला कधीही फोन कर, जेवायला तर आणायचंच आहे त्यांना.

– काकू

---

काकू, आणि एसलिंगेनचे दादा, दोघांनाही मनापासून थँक्यू. तिकीट 28 जुलैचं करून घेतलं. किल्लीच्या दोन जोड्या करायला टाकल्यात. आईला काल दाराची गोष्ट सांगितली, तर ती फोन ठेवून बाबांच्या लेंग्यांना आतून खिसा शिवायला बसलीय.